परदेशात वेगळं काही खाऊन बघायचंय? नाशिकहून निघण्याआधीपासून परत येईपर्यंतची तयारी

बँकॉकच्या फुटपाथवर एका गाडीवर कढईतून नुकतेच काढलेले रातकिडे असतात आणि शेजारच्या गाडीवर सकाळी कापून ठेवलेलं कलिंगड. आपला हात बेधडक कलिंगडाकडे जातो. पोटाचा विचार केला तर रातकिडे जास्त सुरक्षित. उकळत्या तेलात जंतू टिकत नाहीत. कलिंगडाला मात्र सुरी, हात, बर्फ, पाणी, माश्या असं सगळं लागून गेलेलं असतं. दिसायला विचित्र म्हणजे धोक्याचं आणि ओळखीचं म्हणजे बिनधोक, हा हिशोब परदेशात चुकतो. तिथे पहिले प्रश्न तीन: हे नेमकं काय आहे, कसं शिजवलंय, आणि शिजवून किती वेळ झालाय?

१. सीमारेषा घरीच आखा

हे काम जेवणाच्या टेबलावर, सगळे बघत असताना होत नाही. निघण्याआधी घरात बसून तीन याद्या करा. पहिली, कधीच खाणार नाही असे पदार्थ: गोमांस, डुक्कर, अंडं, कांदा-लसूण, जे काही तुमच्या घरचं असेल ते. दुसरी, प्रकृतीला चालत नाही ते. तिसरी, एक घास घेऊन बघायला हरकत नाही ते. नवरा-बायकोच्या याद्या वेगळ्या असतील तर त्या वेगळ्याच राहू द्या. सासूबाई माळकरी आणि सून सगळं खाणारी असेल तर कोण कुठे जेवणार हेही आधीच बोलून घ्या. ट्रिप श्रावणात येत असेल तर काय करायचं, तेही आत्ताच ठरवा.

दुसऱ्या यादीसाठी डॉक्टरांना नीट विचारा. तीन गोष्टी हमखास विसरल्या जातात.

कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असेल तर कीटक खाऊ नका. दोन्हींत ट्रोपोमायोसिन नावाचं एकमेकांशी मिळतंजुळतं प्रथिन असतं आणि शरीर त्यांत फरक करत नाही.

रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिन चालू असेल तर जपानी नाट्टो (आंबवलेलं सोयाबीन) पूर्ण बंद. त्यात व्हिटॅमिन के भरपूर असतं, त्यामुळे गोळीचा परिणाम कमी होतो.

गरोदर बाई, लहान मुलं, म्हातारी माणसं आणि केमो किंवा स्टेरॉइड चालू असलेले यांनी कच्चं मांस, कच्चे मासे आणि कच्च्या दुधाचं चीज टाळावं.

२. बॅगेत काय हवं

- ट्रॅव्हल इन्शुरन्सची छापील प्रत. अन्नातून विषबाधा झाल्यास हॉस्पिटलचा खर्च मिळतो का, आणि डायबेटिस-बीपीसारखे आधीचे आजार धरलेत का, हे सही करण्याआधी वाचा.
- डॉक्टरांची चिठ्ठी, औषधाच्या मूळ रासायनिक नावासकट. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध दुबईत परवानगीशिवाय चालत नाही. सुडोएफेड्रिन असलेल्या सर्दीच्या अनेक गोळ्या जपानमध्ये नेता येत नाहीत.
- ओआरएसच्या सहा-सात पुड्या, तापाची गोळी, डॉक्टरांनी सांगितलं असेल तर जुलाब थांबवणारं लोपेरामाइड आणि ॲलर्जीची गोळी.
- हँड सॅनिटायझर, टिश्यू, छोटा चमचा, दोन झिपच्या पिशव्या.
- ‘मी हे खात नाही’ अशी त्या देशाच्या लिपीत छापलेली चिठ्ठी. मोबाइलवरचं भाषांतर ठीक आहे, पण बाजारात रेंज जाते आणि तेलकट हातात फोन कोणी घेत नाही.

हिपॅटायटिस ए आणि टायफॉइडच्या लसींबद्दल निदान महिनाभर आधी विचारा. आदल्या दिवशी घेतलेली टायफॉइडची लस वेळेत कामी येत नाही.

खाऊ नेताना जपा. गोड्या मसाल्यात खसखस असेल तर तो सिंगापूर आणि दुबईला नेऊ नका. तिथे खसखस प्रतिबंधित आहे आणि प्रकरण पोलिसांपर्यंत जाऊ शकतं. युरोपीय संघात भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, चक्का घरीच ठेवा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला चिवड्याचं पाकीटसुद्धा फॉर्मवर जाहीर करा. न्यूझीलंडमध्ये न सांगितल्यास जागेवर ४०० डॉलर दंड होतो.

विमानाचं जेवण बुक करताना एक फसगत नेहमी होते. ‘हिंदू मील’ शाकाहारी नसतं. त्यात गोमांस नसतं एवढंच, चिकन किंवा मटण येऊ शकतं. शाकाहारी असाल तर ‘एशियन व्हेज’ किंवा ‘जैन मील’ निवडा, तेही किमान दोन दिवस आधी.

३. सराव नाशिकमध्येच

जिभेला आणि नाकाला आधी सवय लागलेली बरी. मांसाहारी असाल तर महिनाभर आधी एकदा वजडी, एकदा काळीज, एकदा सुकट नाहीतर सुका बोंबील घरी करा. सुकट तव्यावर पडल्यावर घरभर पसरणारा वास ज्याला चालतो, त्याला थायलंडचा फिश सॉस आणि मलेशियाचं बेलाचान (आंबवलेल्या कोळंबीचा गोळा) जड जात नाही. वासाचं कुळ एकच. वजडीचा चिवट, रबरी घास चावता आला की हाँगकाँगमधली आतडी किंवा स्कॉटलंडचं हॅगिस (मेंढीचं काळीज, हृदय, फुप्फुस आणि ओट्स) यांत नवीन काही वाटत नाही.

सिचुआन मिरी म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाची सख्खी बहीण. माशाच्या आमटीतल्या तिरफळाने जीभ कशी बधिर होते हे माहीत असेल तर चीनमध्ये ‘तोंडाला काय झालं?’ म्हणून घाबरायला होत नाही. शाकाहारी माणसांनी टोफू, समुद्री शेवाळाची कुरकुरीत पानं आणि एखादं तीव्र वासाचं चीज चाखून बघावं.

एक गैरसमज मात्र इथेच सोडून जा: ‘मिसळीच्या तर्रीवर वाढलेलं पोट आहे, काही होत नाही.’ तिखट खाण्याची सवय जिभेची. पोटाची ओळख इथल्या पाण्याशी आणि इथल्या जंतूंशी असते, बँकॉक किंवा बालीच्या नाही.

४. नावं ओळखा, नाहीतर नको ते पोटात जाईल

सगळ्यात जास्त माणसं इथे फसतात. पदार्थाच्या नावावरून आत काय आहे हे कळेलच असं नाही.

गोमांस नको असेल तर हे शब्द पाठ करा: स्टेक, व्हील, ब्रिस्केट, पास्त्रामी, ब्रेसाओला, कॉर्न्ड बीफ. हॅम्बर्गरमध्ये हॅम नसतं, बीफ असतं. व्हिएतनामचा ‘फो’ (शेवयांचं सूप) चिकनचाही मिळतो, पण नुसतं ‘फो’ म्हटलं की बहुधा बीफच्या हाडांचं पाणी. इंडोनेशियाचं रेंडांग बहुतेक वेळा बीफचंच. इंडोनेशियन भाषेत बीफ म्हणजे ‘सापी’, जपानीत ‘ग्यूनिकू’, थाईत ‘नूआ’.

डुकराचं नको असेल तर बेकन, हॅम, प्रोशुत्तो, चोरिसो हे शब्द लक्षात ठेवा, शिवाय मलय-इंडोनेशियन ‘बाबी’ आणि जपानी ‘बुता’. चीनमध्ये नुसतं ‘रोउ’ म्हणजे मांस असं लिहिलं असेल तर ते डुकराचं धरून चाला. मेक्सिकोत राजमा-घेवड्याच्या साध्या उसळीतसुद्धा ‘मांतेका’ म्हणजे डुकराची चरबी असते. अमेरिकेत पेपरोनी पिझ्झा मांसाचा. इटलीत मात्र ‘पेपेरोनी’ म्हणजे ढोबळी मिरची.

शाकाहाऱ्यांसाठी खरा सापळा पाण्यात आणि चटणीत असतो. थायलंडमध्ये भाजीतही ‘नाम प्ला’ म्हणजे माशाचा सॉस पडतो, कच्च्या पपईच्या कोशिंबिरीत, म्हणजे सोम तममध्ये, सुकी कोळंबी असते. जपानमध्ये ‘निकू नाशी’ म्हणजे मांस नको असं सांगितलं की मासे घातलेलं ताट समोर येतं, कारण तिथे मासा ‘मांसा’त धरत नाहीत. मिसो सूपचं पाणी म्हणजे ‘दाशी’, आणि ते बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचं. कोरियन किमचीत माशाचा सॉस किंवा खारवलेली कोळंबी असते. इटलीच्या पार्मिजानो रेज्जानो चीजमध्ये दूध गोठवण्यासाठी वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. ते शाकाहारी नाही.

तोंडाने सांगायची दोन वाक्यं: थायलंडमध्ये ‘माई साय नाम प्ला’ (माशाचा सॉस घालू नका), व्हिएतनाममध्ये ‘तोय आन चाय’ (मी शाकाहारी). उच्चारातला हेल चुकला की अर्थ बदलतो, म्हणून बोलतानाही हातातली चिठ्ठी दाखवाच.

५. गाडी कशी निवडायची

गिऱ्हाइकांची रांग बघा, पण रांगेत स्थानिक आहेत की सगळे पर्यटक, तेही बघा. माल भराभर संपतो तिथे तो शिळा राहत नाही. मग दोन मिनिटं नुसतं उभं राहा आणि चार गोष्टी तपासा.

पदार्थ तुमच्यासमोर शिजतोय का? आधी तळून ढीग लावलेला असेल तर ‘पुन्हा गरम करून द्या’ म्हणा. ५ ते ६० अंश सेल्सियस हा जंतूंच्या वाढीचा पट्टा. त्यात दोन तासांहून जास्त पडून राहिलेलं नको. ऊन ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास धरा.

पैसे घेणारा आणि पदार्थ हाताळणारा हात एकच आहे का?

कच्च्या मांसाचा चिमटा आणि शिजलेल्याचा चिमटा वेगळा आहे का?

तेलाचा रंग कसा आहे? काळपट, फेसाळणारं, डोळ्यांत झोंबणारं तेल असेल तर पुढे चला.

सुरुवात सिंगापूरच्या हॉकर सेंटरपासून केलीत तर उत्तम. रस्त्यावरच्या गाड्या एका छपराखाली आणून त्यांना वाहतं पाणी आणि स्वच्छतेची तपासणी लावलेली आहे. २०२० मध्ये युनेस्कोने ही हॉकर संस्कृती आपल्या वारसा यादीत घेतली.

६. पहिला घास

एका दिवसात एकच नवा पदार्थ. दोन खाल्ले आणि पोट बिघडलं तर कशाने ते कळत नाही. वेळ दुपारची. रात्री उशिरा नको, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लांबचा बसप्रवास असेल तर मुळीच नको.

तळलेले कीटक: पहिल्यांदा बांबूच्या अळ्या घ्या. त्या पोकळ, कुरकुरीत, चव साधारण मक्याच्या लाह्यांसारखी. त्यानंतर रातकिडे. नाकतोडा मोठा असेल तर मागचे पाय आणि पंख काढून टाका. पायांवरचे काटे घशात टोचतात. दाबल्यावर कडकन मोडला तर ताजा, लवला तर शिळा, टाकून द्या. कंबोडियातली तळलेली टॅरँट्युला (मोठी केसाळ कोळीण) मिळाली तर पायांपासून सुरुवात करा. पोटाचा भाग आत मऊ असतो, तो अनेकांना जात नाही. नुसते फोटो काढणाऱ्यांकडून काही विक्रेते पैसे घेतात, आधी विचारा.

ड्युरियन: बरक्या फणसाचा थोरला भाऊ म्हणा, फक्त वास दहापट. अख्खं फळ घेऊ नका, एक-दोन गऱ्यांचं पाकीट घ्या. थंड केलेला गरा आधी खा. वास दबतो आणि बासुंदीसारखा दाट गोडवा पुढे येतो. डायबेटिस असेल तर एकाच गऱ्यावर थांबा, किडनीचा आजार असेल तर खाऊच नका, त्यात पोटॅशियम बरंच असतं. दारूबरोबर घेऊ नका. सिंगापूरच्या मेट्रोत आणि बहुतेक हॉटेलांत ड्युरियनला बंदी आहे, तेव्हा जिथे घ्याल तिथेच संपवा. हात त्याच फळाच्या सालीच्या आतल्या वाटीत पाणी घेऊन धुण्याची तिकडे पद्धत आहे.

नाट्टो: आंबवलेलं सोयाबीन. भेंडीपेक्षा लांब तार सुटते. काड्यांनी निदान पन्नास वेळा ढवळा, सोबतची मोहरी आणि सॉस घाला आणि गरम भातावर घ्या. पाकिटातल्या सॉसमध्ये बहुधा माशाची दाशी असते. शाकाहारी असाल तर तो बाजूला ठेवून साधा सोया सॉस घाला.

बलूट: फिलिपिन्समध्ये चौदा ते अठरा दिवसांचं, आत पिल्लू घडत असलेलं बदकाचं उकडलेलं अंडं. व्हिएतनाममध्ये दिवस आणखी जास्त, म्हणजे पिल्लू अधिक मोठं. रुंद टोक फोडून आधी आतला गरम रस प्या, मग मीठ-व्हिनेगर टाकून पिवळा बलक. पांढरा टणक भाग बहुतेक लोक सोडून देतात, तुम्हीही सोडा. थंड झालेलं घेऊ नका.

चीनचं काळं अंडं: चुना, राख आणि मिठात कित्येक आठवडे मुरवतात. पांढरा भाग तपकिरी जेलीसारखा होतो, बलक हिरवट राखाडी. अमोनियाचा वास येतो तो मुरण्याचाच, नासल्याचा नव्हे. पातळ फोड, वर लोणच्याचं आलं.

आइसलँडचा हाकार्ल: आंबवून मग महिनोन्‌महिने टांगून सुकवलेला शार्क. हा मासा ताजा विषारी असतो, मुरवल्यावरच खाण्याजोगा होतो. टूथपिकवर मिळणारा छोटा चौकोन पुरे. तोंडाजवळ नेताना श्वास आत ओढू नका, कारण वास चवीपेक्षा फार मोठा आहे.

घास गेला नाही तर टिश्यूत घ्या, पाणी प्या, हसून ‘थँक यू’ म्हणा. विक्रेत्यासमोर थू-थू करणं फार लागतं माणसाला. तो त्याच्या घरचा पदार्थ आहे.

७. हे सोडाच

थायलंडच्या ईशान्येकडे आणि लाओसमध्ये मिळणारे गोड्या पाण्यातले कच्चे किंवा अर्धवट आंबवलेले मासे. त्यातून यकृतात कृमी शिरतात आणि वर्षानुवर्षं राहिल्यास पित्तनलिकेचा कर्करोग होऊ शकतो. लिंबू पिळलं, मिरची घातली म्हणून कृमी मरत नाहीत.

कच्चं डुक्कर आणि कच्चं काळीज. कच्चं खाण्याची इतकी सवय असलेल्या जपानने २०१२ मध्ये गाईचं कच्चं काळीज आणि २०१५ मध्ये कच्चं डुक्कर विकायला बंदी घातली. जर्मनीत पावावर लावून मिळणारं ‘मेट’ म्हणजे कच्चं डुक्करच, दिसायला खिम्याच्या चटणीसारखं. चुकून उचलू नका.

जपानचा विषारी फुगू मासा परवानाधारक हॉटेलाबाहेर नको. त्याचं विष शिजवून जात नाही आणि त्यावर उतारा नाही.

कोरियातला वळवळणारा ऑक्टोपस. त्याचे तुकडे घशाला चिकटून गुदमरण्याचा धोका खरा आहे.

बाटलीचं सील नसलेली स्थानिक दारू, फुकट दिलेले शॉट, बादलीतलं कॉकटेल. नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसच्या वांग वियेंगमध्ये मिथेनॉल (विषारी अल्कोहोल) मिसळलेल्या दारूमुळे सहा पर्यटक गेले. मिथेनॉल चवीवरून ओळखू येत नाही.

खवले मांजर, कासव, शार्कचे पंख यांना हात लावू नका, कोणी कितीही आग्रह केला तरी. हे प्राणी संपत चाललेत, आणि बऱ्याच ठिकाणी हा गुन्हाही आहे.

८. शाकाहारी आणि माळकरी मंडळींनो

तुमच्यासाठीही वेगळं खाण्यासारखं खूप आहे. थायलंडमध्ये पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधा. तिथे मांस, मासे, अंडी, दूध यांच्याबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो. चीन-तैवानमधल्या बौद्ध शाकाहारी खानावळींतही सहसा मांस, मासे आणि कांदा-लसूण नसतो. थाई शाकाहारी उत्सवाचे नऊ दिवस चिनी पंचांगातल्या नवव्या महिन्याचे, म्हणजे बहुधा आपल्या नवरात्राच्याच सुमारास येतात. तेव्हा गेलात तर रस्तोरस्ती पिवळे झेंडे दिसतील. व्हिएतनाममध्ये चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी पुष्कळ लोक ‘चाय’ खातात.

मेक्सिकोत निवडुंगाची भाजी आणि मक्याच्या कणसावर येणारी काळी बुरशी, ‘विट्लाकोचे’, जरूर मागा. नॉर्वेचं तपकिरी चीज खव्यासारखं गोडसर लागतं. रेनेट कोणतं ते लेबलवर बघा. तैवानच्या ‘दुर्गंधी टोफू’ला टोफू म्हणून हात घालू नका. ज्या खारट पाण्यात तो मुरवतात त्यात कोळंबी असू शकते, विचारूनच घ्या.

९. दर आणि रीत

मासळी बाजारातल्या पाटीवरचा आकडा कशाचा आहे ते आधी ठरवून घ्या. चीनमध्ये ‘जिन’ म्हणजे ५०० ग्रॅम, थायलंडमध्ये ‘खित’ म्हणजे १०० ग्रॅम. आपण किलोचा दर समजतो आणि बिल चीनमध्ये दुप्पट, थायलंडमध्ये दहापट येतं. वजन समोर करून घ्या, आकडा कॅल्क्युलेटरवर टाइप करायला सांगा.

जपानमध्ये भातात काड्या उभ्या खोचू नका. मृताच्या नावाने ठेवलेल्या भातात त्या तशा खोचतात. रामकुंडावरचे पिंड पाहिलेल्या माणसाला याचं गांभीर्य वेगळं सांगायला नको. आग्रह मोडायचा असेल तर ‘डॉक्टरांनी मना केलंय’ हे वाक्य सगळ्या देशांत मान राखून ऐकलं जातं.

१०. पोट बिघडलंच तर

ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण एकदम. अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात टाकू नका, क्षारांचं प्रमाण बिघडतं. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. घोट-घोट घ्या, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा. पातळ भात चालतो, दूध नको. ताप असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर लोपेरामाइड घेऊ नका. बाहेर पडायचं ते आत अडकतं.

शौचात रक्त, मोठा ताप, दिवसभर लघवी न होणं, दृष्टी धूसर होणं, मासे खाल्ल्यावर ओठ-जीभ बधिर होणं, ओठ सुजणं किंवा दम लागणं: यातलं काहीही झालं तर टूर मॅनेजरच्या सल्ल्याची वाट न बघता रुग्णवाहिका बोलवा. थायलंड १६६९, सिंगापूर ९९५, व्हिएतनाम ११५, चीन १२०, जपान आणि दक्षिण कोरिया ११९, युरोपीय संघ ११२. काय खाल्लं आणि किती वाजता, हे सांगता आलं पाहिजे. म्हणून प्रत्येक नव्या पदार्थाचा एक फोटो काढून ठेवा, वेळ आपोआप नोंदली जाते.

११. परतताना

शेवटचे दोन दिवस साधं जेवण. विमानातले तास आणि मग मुंबईहून कसारा घाटातून नाशिकपर्यंतचा रस्ता, एवढ्या प्रवासात बिघडलेलं पोट सांभाळणं फार कठीण जातं.

साप घातलेली दारूची बाटली आठवण म्हणून आणू नका. नागासारख्या संरक्षित प्राण्याचा मामला कस्टममध्ये अंगाशी येतो. स्वीडनच्या आंबवलेल्या हेरिंगचे फुगलेले डबे विमानात नेऊ नका, काही विमान कंपन्यांनी ते स्फोटाच्या भीतीने बंद केलेत. घरच्यांसाठी सीलबंद सिचुआन मिरी, सुकवलेला ड्युरियन किंवा जपानी शेवाळ आणा. आणि परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप, कावीळ किंवा लांबलेले जुलाब झाले तर डॉक्टरांना आधी कुठल्या देशात गेला होता ते सांगा, मग त्रास सांगा.